बुदवंताचा दगड

मी लंडन पाहिलेलं नाही. बेळगावच्या एका कॉलेजात नोकरीभर ब्रिटनची राज्यव्यवस्था शिकवली, तिथल्या संसदेतल्या लाल आणि हिरव्या बाकांचे रंग मुलांकडून पाठ करून घेतले, पण पासपोर्ट काढायचं मनावर कधी घेतलं नाही. निवृत्त झाल्यावर एका प्रकाशकाने गळ घातली, की ब्रिटनने अलीकडच्या काळात आपली घटना कशी बदलली यावर विद्यार्थ्यांसाठी मराठीत एक पुस्तक लिहून द्या. हो म्हणून बसले. स्कॉटलंडला वेगळी संसद मिळाली, ते प्रकरण झालं. न्यायालय वेगळं झालं, तेही झालं. गाडी अडली ती लॉर्डांपाशी. जन्माने सभासद झालेल्या उमरावांना त्यांच्याच सभागृहातून कसं उठवलं, ही हकीकत लिहायला घेतली की ती कोरडी ठक्क व्हायची. मलाच वाचवेना, तर मुलं काय वाचणार?

अशात सुमित्राचा फोन आला. ही माझी जुनी विद्यार्थिनी. जोयड्याला शाळेत शिकवते आणि गुंदच्या बाजूला जंगलातल्या आपल्या माहेरच्या वाडीत नवऱ्यासह राहते. तिचे वडील सोमा हे त्या गावचे बुदवंत, म्हणजे पिढीजात प्रमुख. बापामागून मुलगा, मुलगा नसला तर पुतण्या, असा तो मान चालत आला होता. आता गाव म्हणत होतं, की इथून पुढे बुदवंत आम्ही निवडू. वडील रुसून घरात बसले होते आणि शिगमा जवळ आला होता. "मॅडम, तुमी या. तुमचं ते लॉर्डांचं अप्पांना सांगा," सुमित्रा म्हणाली. मी सांगण्यापेक्षा बघण्याच्या लोभानेच पिशवी भरली, हे कबूल करते.

रामनगर ते वाडी

खानापूर, लोंढा करत रामनगरला उतरले. तिथपर्यंत घरच्यासारखंच वाटत होतं. दुकानांच्या पाट्या मराठी, चहावाला मराठी बोलणारा आणि गिऱ्हाइकाशी कन्नडात घासाघीस करणारा. त्यात काही मला नवल नाही, आम्ही बेळगावकर सकाळी एका भाषेत भांडून संध्याकाळी दुसरीत समेट करतो. जोयड्याची बस मात्र रामनगर सोडते आणि झाडं रस्त्यावर वाकायला लागतात. फेब्रुवारीचे दिवस, पळस पेटलेला, आणि एका वळणावर धनेश पक्ष्यांची जोडी पंखांचा भाता ओढावा तसा आवाज करत डोक्यावरून गेली. मी खिडकीतून इतकी बाहेर वाकले, की कंडक्टरने मला शाळकरी पोरीसारखं दटावलं.

जोयडा म्हणजे जंगलात मांडलेली कचेऱ्यांची रांग. तहसील, वनखात्याचं ऑफिस, चार दुकानं, एक खानावळ. तिथे सुमित्रा महादेव नावाच्या माणसाची जीप घेऊन उभी होती. हा महादेव तिच्याच गावचा, जीपवर वडाप, म्हणजे उतारूंची ने-आण, करणारा, बोलका, चाळिशीचा. बुदवंत निवडायचा विषय ज्यांनी काढला त्यांत तोच पुढे होता, आणि रुसलेल्या बुदवंताच्या पाहुणीला आणायलाही तोच आला होता. मला याची गंमत वाटली. आमच्या बेळगावच्या सोसायटीत पार्किंगवरून वाद झाला तर माणसं जिन्यात तोंड फिरवतात. इथे बाचाबाची झाली तरी जीप एकच आहे, त्यामुळे बोलण्यावाचून गत्यंतर नसावं.

गुंद ओलांडून जीप मातीच्या वाटेला लागली. शेवटी एक ओढा आला, त्यावर लाकडांचा साकव. पाय टाकताच तो कुरकुरला. मी विचारलं, की पक्का पूल का नाही? महादेव म्हणाला, हा फक्त एका पावसाळ्यापुरता बांधला होता, मी लहान असताना.

साकव ओलांडला की मांड. मांड म्हणजे गावाची पवित्र मोकळी जागा. शिगम्याला नाच तिथून निघतो, गावकी, म्हणजे गावाची बैठक, तिथेच भरते. वरच्या टोकाला देवाची घुमटी आणि मोठं झाड, खालच्या टोकाला खळाळणारा ओढा. सुमित्रा आणि महादेव जीपमधून सामान काढत मागे राहिले होते. ऊन मी म्हणत होतं आणि झाडाखाली एक सपाट, गुळगुळीत दगड इतका सोयीचा दिसला, की मी चपलांसकट त्यावर बैठक मारली, संत्रं सोललं आणि एक फोड तोंडात टाकली.

समोरून लाकडाची मोळी घेऊन येणारी बाई जागच्या जागी थांबली. मागून महादेव पोहोचला. अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "बाई, उठा."

मला वाटलं, साप. मी किंकाळी फोडून जी उडी मारली, ती या वयात पुन्हा जमायची नाही. संत्रं उतारावरून घरंगळत खाली ओढ्यापर्यंत गेलं. साप वगैरे काही नव्हता. तो दगड बुदवंताचा होता. त्याच्यावर बुदवंताशिवाय कुणी बसत नाही, त्याचा सख्खा भाऊही नाही. आणि मी त्यावर चपला घालून फळाची सालं टाकत होते.

मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण लंडनच्या लॉर्डांच्या सभागृहातही लोकर भरलेलं एक मानाचं आसन आहे. उमरावांना काढायचा कायदा चालू असताना एका उमरावाचा मुलगा रागाने भर सभेत त्यावर चढला होता. हा किस्सा मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगायचे आणि पोरं पोट धरून हसायची. आता जोयड्याच्या जंगलात मी तेच करून बसले होते, तेही कुठलाच निषेध मनात नसताना.

सोमा बुदवंतांच्या पडवीत

झाल्या प्रकाराला उपाय होता. मांडाला नारळ द्यायचा आणि देवाला गाऱ्हाणं घालायचं. पण गाऱ्हाणं घालणार बुदवंत, आणि बुदवंत तर मांडाकडे पाठ करून बसलेले. सुमित्राने घरी जाऊन सगळं सांगितलं तेव्हा सोमा बुदवंत सुपारी कातरत होते. सत्तरी ओलांडलेला काटक माणूस, गुडघे तेवढे गेलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "बसल्या तर बसल्या," ते म्हणाले. "गाव नवा बुदवंत नेमणार हाय न्हवं? त्योच दील नारळ."

म्हणजे माझ्या बसण्याने घटनात्मक पेच आणखी घट्ट झाला. जुना प्रमुख नारळ देईना, नवा नेमायचा तर गावकी बसायला हवी, आणि गावकी बसायची तर बुदवंताने स्वतः दगडावर पान-सुपारी ठेवून "बसा" म्हणायला हवं. त्याच्या त्या शब्दाशिवाय इथे बैठक सुरूच होत नाही. त्याला उठवायलाही त्याचाच शब्द लागणार होता. एवढी साधी गोष्ट ठराव करायला निघालेल्या कुणाच्या ध्यानात आली नव्हती. मला तर आनंदच झाला. मी ज्या प्रकरणावर महिनाभर अडले होते, ते पडवीत सुपारी कातरत बसलं होतं.

रात्रीचं जेवण इकडे लवकर उरकतात. दिवेलागणीलाच पानं मांडली. लाल तांदळाचा भात, आमसुलाचं सार, आणि मुडलीची भाजी. मुडली म्हणजे अळकुडीच्या जातीतला, पण लहान मुलाला उचलता येऊ नये एवढा कंद. बाजूला लाल मुंग्यांची चटणी होती. मी ती घेतली, कारण नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. आंबट, झणझणीत आणि खरोखर चांगली लागते. मी परत मागितली तेव्हा बुदवंतांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

मग त्यांनीच विषय काढला. पोरगी सांगते, की विलायतेतही असे पिढीजात बसणारे होते, ते कोण? मी सांगू लागले. सांगता सांगता वर्गातली ऐट गळून पडली, कारण समोरचा माणूस परीक्षेसाठी ऐकत नव्हता. मी सांगितलं, की तिथे शेकडो उमराव केवळ बापाचा मुलगा म्हणून कायदे करायला बसत. शतक संपायच्या सुमारास सरकारने त्यांतल्या बहुतेकांना उठवलं. पण भांडण मिटवायला तडजोड म्हणून ब्याण्णव जण ठेवले, पुढची सुधारणा होईपर्यंत.

"मग झाली ती सुदारना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पंचवीसेक वर्षं ती होतच राहिली. आता कुठे त्या उरलेल्यांचीही उठायची वेळ आली आहे. बुदवंत मान हलवत हसले आणि म्हणाले, की मग तो आमच्या साकवाचाच भाऊ. मी पुढे सांगितलं, की त्या ब्याण्णवांतला कुणी गेला की बाकीचे उमराव मिळून दुसरा निवडायचे, आणि एका निवडणुकीत तर मतदार तीन आणि उमेदवार सात होते. ते ऐकून सुमित्राचा नवरा चुलीमागून खोकत बाहेर आला. एवढं मला कॉलेजात कधी कुणी हसलं नव्हतं.

बुदवंतांचे प्रश्न मात्र थांबेनात. त्यांच्या जागी आले कोण? मी म्हटलं, बहुतेक पंतप्रधानांच्या शिफारशीने नेमलेले. म्हणजे आधी जन्माने आणि आता मर्जीने, ते म्हणाले, यात फरक तो काय पडला? मी म्हटलं, फरक पडला. नेमलेल्यांत डॉक्टर आले, शिक्षक आले, बायका कितीतरी जास्त आल्या. शिवाय पूर्वी ते सभागृह सरकारला अडवताना जरा कचरायचं, कारण आपण कुणाच्या बळावर बोलतो असं त्यांचं त्यांनाच वाटे. वंशाचे गेले तसं ते सभागृह धीट झालं. हे त्यांना पटलं नाही. बसलेल्याची ताकद दगडाची असते, माणसाची नव्हे, असं त्यांचं म्हणणं पडलं. आम्ही बराच वेळ वाद घातला आणि कुणीच हरलं नाही.

शेवटी त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "एक सांगा बाई. आपल्याला काढायला त्यांनी आपल्याच हातानं व्हय म्हटलं काय?"

"हो. कायदा त्यांच्या सभागृहातूनही जावा लागला. काही जण चिडले, पण काहींनी स्वतः उभं राहून बाजू घेतली."

"आनि शेवटच्या दिशी त्यास्नी जेवन घातलं काय कुनी?"

मला ते माहीत नव्हतं. एवढी पुस्तकं वाचली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी तसं सांगितलं. ते अंगणाकडे बघत म्हणाले, की महादेव जोयड्याच्या स्टँडवर चारचौघांत बोलला, बुदवंत बदलायचा म्हणून. माझ्या अंगणात येऊन आधी मला बोलला असता, तर मी काय नाही म्हणणार होतो? मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. त्यांना पद जाण्याचं दुःख होतं त्याहून जास्त ते ज्या रीतीने जात होतं तिचं होतं.

उळवी

दुसऱ्या दिवशी करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून महादेवच्या जीपमधून सुमित्रा आणि मी उळवीच्या देवस्थानाला गेलो. जत्रेला अवकाश होता, तरी पहिल्या बैलगाड्या येऊन पोहोचल्या होत्या. धारवाडकडची माणसं, शिंगांना रंगीत गोंडे बांधलेले उंच बैल आणि त्यांच्यामागे मोटारी हळूहळू चालवणारी त्यांचीच मंडळी. बैलाच्या चालीने आलं तर पुण्य, आणि सामान मात्र टेम्पोतून. एका गाडीवानाने मला कन्नडात विचारलं, की कुठून चालत आलात? मी बेळगावहून बसने आले म्हटल्यावर त्याने दयाळूपणे भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली. मी खाल्ली. प्रवासात माझं एक बरं असतं, मला कुणीही खायला घातलेलं चालतं.

परतीच्या वाटेवर महादेवने आपली बाजू मांडली. सोमामामांवर त्याचा राग नव्हता. पण मामांना आता चालवत नाही, आणि रीतीप्रमाणे त्यांच्यामागून येणारा पुतण्या बाबू मडगावला गाडी चालवतो. गेल्या शिगम्याला मामा आजारी पडले आणि बाबूला रजा मिळेना. सगळा गाव तोंडाला रंग लावून, डोक्याला फुलं बांधून मांडाच्या कडेला बसून राहिला. मांड उघडायला माणूस नाही, तर नाचणार कसं? पोरं कंटाळून तशीच झोपली. शेताच्या बांधावरून भांडण झालं तरी तेच, बाबू येईपर्यंत थांबा. आणि बाबूला तरी कुठे हवंय, महादेव म्हणाला, तोच फोनवर म्हणतो, की मला सोडवा यातून.

हे सगळं मला पटलं. मग मी त्याला काल रात्रीचा प्रश्न सांगितला. सांगावं की नाही, अशी जरा धाकधूक होती, कारण पाहुण्याने घरातलं बोलणं बाहेर न्यायचं नसतं. पण मला राहवलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांना जेवण घातलं का, असं सोमामामांनी विचारलं, एवढंच बोलले. महादेवने जीप बाजूला घेतली आणि बंद केली. मग म्हणाला, "चुकलंच माजं. स्टँडवर बोलायला नगो हुतं."

मांड

तिसऱ्या दिवशी मी निघणार होते. सकाळी सुमित्राने बापाला सांगितलं, की मॅडम दोष डोक्यावर घेऊनच चालल्या आहेत. आपल्या घरची पाहुणी, आपल्या उंबऱ्यातून अशी जाणार. बोलली आणि निमूट पाणी भरायला निघून गेली. पोरगी शिकवलेलं विसरली नाही, असं मला मनातल्या मनात वाटलं.

थोड्या वेळाने सोमा बुदवंतांनी धुतलेलं धोतर नेसलं, नारळ घेतला आणि काठी टेकत निघाले. जाता जाता मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "गावासाठी न्हाई. पाव्हनीसाठी."

त्यांनी घुमटीसमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं. मी हात जोडून मागे उभी. माझं नाव, माझं गाव, अजाणता झालेली चूक, सगळं त्यांनी देवाला वकिलासारखं समजावून सांगितलं. कुणी माझ्यासाठी इतकं मनापासून बोललेलं मला आठवत नाही. डोळे भरून आले. नारळ फुटला आणि त्याबरोबर वाडीतून माणसं यायला लागली, कारण मांडावर नारळ फुटला की गावाने जमायचं ही इथली रीत. पुरुष येऊन झाडाखाली ओळीने बसले. बायका खालच्या टोकाला, ओढ्याच्या काठी. मीही त्यांच्यात जाऊन बसले. बुदवंतांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. काय होणार आहे ते त्यांना कळलं असावं, तरी ते गेले नाहीत.

महादेव पुढे झाला आणि त्यांच्या पायांवर वाकला. काहीतरी बोलला. मग त्याच्या मागून चार घरच्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन आल्या. तांदूळ, मुडल्या, नारळ, कोंबड्या. आज बुदवंताच्या घराला गावाचं जेवण होतं. सोमा बुदवंतांनी त्या टोपल्या पाहिल्या. मग दगडापाशी गेले, पान-सुपारी ठेवली आणि "बसा" म्हणाले. तेवढा शब्द ओठांवरून कळला.

पुढचं बोलणं मला नीट ऐकू आलं नाही. माझे कान आता पूर्वीचे राहिले नाहीत आणि बोलीची सवय नाही, असं मी समजले. बुदवंत बोलत होते तेही घुमटीकडे तोंड करून, कारण बुदवंत गावाशी बोलतो ते देवाला साक्षी ठेवून. माझ्या शेजारी पुतळाआजी नावाची म्हातारी पानं जोडून पत्रावळी टाचत होती. बाकीच्या बायकाही टाचत होत्या, हळू आवाजात सुनांची, गायींची चौकशी करत होत्या. वर काय चाललंय तिकडे एकीचंही लक्ष नव्हतं. मला जरा रागच आला. गावाच्या कितीतरी पिढ्यांची रीत बदलत होती आणि यांना पत्रावळी सुचत होत्या. बायकांना राजकारणात रस नसतो, हे जे पुरुष म्हणतात त्यात तथ्य असावं की काय, असा विचारसुद्धा माझ्या मनात येऊन गेला.

वर काय ठरलं ते सुमित्राने मला नंतर सांगितलं. शाळेची बाई म्हणून तिला कुणी हटकत नाही, त्यामुळे ती पुरुषांच्या ओळीच्या टोकाशी उभी होती. गाऱ्हाणं सोमा जिवंत आहेत तोवर त्यांनीच घालायचं. भांडणाचा निवाडा इथून पुढे पाच जणांनी मिळून करायचा. हे ऐकून मी सुखावले, कारण लंडनलाही सर्वांत वरचे न्यायाधीश लॉर्डांच्याच सभागृहात बसायचे, त्यांना उठवून चौकापलीकडच्या इमारतीत वेगळं नेलं, ते प्रकरण मी नुकतंच लिहिलं होतं. आणि बुदवंत गावाने निवडायचा, मात्र तूर्त गाव वसवणाऱ्या चार जुन्या घरांतूनच. तूर्त, हे ऐकून मला साकव आठवला.

निवड विठू नावाच्या शेतकऱ्याची झाली. शांत, लाजाळू माणूस. महादेवचं नाव कुणी घेतलंच नाही. दिवसभर जीप घेऊन बाहेर असणारा माणूस बांधावरच्या भांडणाला सापडणार कुठे? त्याचा चेहरा क्षणभर उतरलेला मी इतक्या लांबूनही पाहिला. मग सोमा बुदवंतांनी दगडावरचं पान उचललं आणि खाली मातीत, लोकांच्या पुढे ठेवलं. मान गावाला परत दिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घुमटीतला दिवा सारखा करून ते मागे वळले आणि थांबले.

त्यांना कुठे बसायचं ते कळेना.

जन्मभर त्यांनी या मांडावर एकच जागा पाहिली होती. पुरुषांची ओळ सरकली, जागा झाली, दोघांनी हात पुढे केले. पण त्या ओळीत मोठ्या भावाने कुठे बसायचं, धाकट्याने कुठे, हे सगळं ठरलेलं, आणि त्यात त्यांच्यासाठी जागा कधी ठरलेलीच नव्हती. ते काठी टेकत ओळीच्या कडेने चालत राहिले, चालत राहिले, आणि शेवटी आमच्यात, ओढ्याच्या काठी येऊन बसले. पुतळाआजीने पानांची टोपली जवळ ओढून त्यांना जागा करून दिली.

वर विठू उभा राहिला. दगडावर काही तो बसला नाही, त्याच्या बाजूला घुमटीकडे तोंड करून उभा राहिला आणि बोलू लागला. शिगम्याविषयी असावं. सोमांनी कानामागे हात धरला. मान पुढे केली. मग बाजूला वाकून आजीला विचारलं, "काय म्हनतोय त्यो?"

"मला काय ठावं?" आजी पान टाचत म्हणाली.

"आयकत न्हाईस काय?"

"हितं वड्याच्या आवाजात काय आयकू येतंय?"

सोमा तिच्याकडे वळले. "मी बोलायचो तवा?"

आजीने सुईसारखी काडी पानातून ओढून काढली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "तवाबी न्हाई. लगीन हून आल्यापास्नं हितंच बसतीया मी. मांडावर काय बोलत्यात ते कवा आयकलंच न्हाई."

बाकीच्या बायकांनी माना वर केल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीने यात सांगण्यासारखं काही नव्हतं. ओढा वाहत होता. सोमांनी एकदा ओढ्याकडे पाहिलं, एकदा वरच्या त्या दगडाकडे, आणि पुन्हा ओढ्याकडे. मीही तेच पाहत होते, आणि मघाचा माझा विचार आठवून मला माझीच शरम वाटली.

मग काठीवर जोर देऊन ते उठले. त्या टोकावरून मांडावर कधी कुणी आवाज टाकला नसावा, कारण पुरुषांच्या ओळीतली सगळी डोकी एकदम वळली.

"विठू," सोमा म्हणाले, "हिकडं मधी ये. देवाला आयकू येतंय. हितं कुनाला न्हाई."

विठू गोंधळला. त्याने दगडाकडे पाहिलं, घुमटीकडे पाहिलं, महादेवकडे पाहिलं. मग चपला हातात घेऊन खाली उतरला, मांडाच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि आमच्याकडे तोंड करून पहिल्यापासून सांगू लागला.

पुतळाआजीने हातातली पत्रावळ खाली ठेवली.